दोरावरची सातवी जागा

विश्वास हा कोणत्याही संघाचा कणा असतो, आणि तो एकदा मोडला की पुन्हा सांधत नाही. आमच्या संघात मोडलं ते हासळीचं हाड, आणि ते सात आठवड्यांत सांधलं. विश्वासाला थोडा जास्त वेळ लागला.

संघ रस्सीखेचीचा होता. दिल्लीतल्या एका केंद्रीय कार्यालयात मी सेक्शन ऑफिसर आहे. माझ्या टेबलावर पेन्शनच्या फायली, कॅन्टीनच्या तक्रारी आणि ‘कर्मचारी कल्याण’ असे तीन विषय येतात. खेळ कल्याणात मोडतात, म्हणून दर वर्षी कार्यालयांच्या आपसातल्या स्पर्धा आल्या की मी आपोआप संघाचा व्यवस्थापक होतो. पहाडगंजच्या मराठी शाळेत क्रीडादिनाला मी पाण्याचे पेले सांभाळायचो, एवढाच माझा पूर्वानुभव.

मिश्र गटात चार पुरुष आणि चार बायका असतात. दोरावर कोणी कुठे उभं राहायचं याचा आदेश गेल्या वर्षी मीच काढला होता. सांगायला लाज वाटते, पण तो मी ज्येष्ठता यादी समोर ठेवून काढला होता, आणि त्याहून वाईट म्हणजे तो कुणालाही विचित्र वाटला नाही. अवर सचिव पहिल्या जागेवर. ते वजनाने पंचावन्न किलो, पण पदाने भारी. त्यांच्यामागे पगाराच्या उतरत्या क्रमाने बाकीचे. सातवा आमच्या सहसचिवांच्या स्टाफ कारचा ड्रायव्हर, कारण त्याच्याखाली यादी संपत होती.

आठवी जागा एवढी एकच यादीबाहेरची. आठवा माणूस दोर बगलेखालून घेतो, पाठीवरून तिरका खांद्यावर आणतो आणि सगळ्या संघाचा खुंटा होतो. बाकीच्या सात जणांना वाटलं तर हात सोडता येतात. आठव्याला चटकन सुटता येत नाही, दोर त्याच्या अंगावर असतो. तिथे आमच्या सेक्शनमधली असिस्टंट होती. ती मिरजेची, कॉलेजात कबड्डी आणि रस्सीखेच दोन्ही खेळलेली. अडतीस वर्षांची, अंगाने भरभक्कम, आणि तोंडाने त्याहून. चारचौघांत ती मला ‘सर’ म्हणते. आम्ही दोघंच असलो की भाषा बदलते आणि मी ‘दादा’ होतो.

त्या मार्चमधल्या दुपारी सामना ऐन रंगात असताना सातव्या जागेवरच्या ड्रायव्हरचा हात सुटला. सुटला आणि तो स्वतः तिच्या पायात आडवा पडला. पुढचे सहा जण त्या धक्क्याने घसरले, दोर समोरच्यांच्या बाजूने झपकन गेला, आणि अंगावर दोर असलेली ती त्याच्यासकट ओढली जाऊन उजव्या खांद्यावर पडली. हाड मोडल्याचा आवाज मला पंधरा पावलांवरून ऐकू आला. ओली काडी मोडावी तसा. तिने आरडाओरडा केला नाही. फक्त मराठीत म्हणाली, “दादा, दोर आधी काढा.”

ड्रायव्हरने सगळ्यांना सांगितलं की घामाने हात घसरला. लोकांनी ऐकून घेतलं आणि मग वर्षभर त्याची पाठ सोडली नाही. डिस्पॅचचा कारकून सोनीपतकडचा, पाचव्या जागेवरचा. तो गाडीत बसताना दर वेळी विचारायचा, “स्टीयरिंग तो दोनों हाथ से पकड़ता है ना?” हसणं व्हायचं. ड्रायव्हर हसायचा नाही. हळूहळू तो दुपारचा डबाही गाडीत बसून खाऊ लागला.

प्रशासनाने या प्रसंगातून योग्य तो धडा घेतला आणि संघाला गुरुग्रामच्या एका रिसॉर्टमध्ये विश्वासवर्धनाच्या कार्यशाळेला पाठवलं. तिथे गळ्यात छोटा माइक लावलेल्या एका गृहस्थांनी आम्हाला डोळे मिटून मागे पडायला सांगितलं. मागच्यांनी झेलायचं, म्हणजे विश्वास तयार होतो. अवर सचिव पडले तेव्हा झेलायला अकरा हात पुढे आले. डिस्पॅचचा कारकून पडला तेव्हा दोन, त्यातला एक माझा होता आणि तो उशिरा पोचला. शेवटी सगळ्यांना प्रमाणपत्रं मिळाली. ज्याच्यामुळे हे सगळं चाललं होतं तो ड्रायव्हर यादीत नव्हता. त्याने आम्हाला आणलं होतं, म्हणून तो दिवसभर पार्किंगमध्ये होता.

यंदा जानेवारीत पुन्हा परिपत्रक आलं. मी नवा संघ जुळवायला बसलो आणि सातव्या जागेवर दुसरं नाव लिहिलं. तिने ते माझ्या खांद्यावरून वाचलं.

“हे खोडा दादा. सातवा तोच राहील.”

मी म्हटलं, अहो, तुमचा खांदा. ती म्हणाली, माझाच आहे, म्हणून तर सांगते. मग खुर्ची ओढून बसली आणि वर्षभर कुणाला न सांगितलेली गोष्ट तिने मला सांगितली.

आमच्याकडच्या ड्रायव्हर लोकांच्या फोनमध्ये साहेबांसाठी वेगळी रिंग असते. बायकोचा, मुलांचा, बँकेचा फोन कसाही वाजो. साहेबांचा वेगळा वाजतो, आणि दुसरी रिंग पुरी व्हायच्या आत उचलायचा असतो. आमच्या या माणसाच्या फोनवर साहेबांचा शंख वाजायचा. तेरा वर्षं तो शंख वाजला की त्याचा डावा हात खिशाकडे गेलेला आहे. जेवताना, झोपेत, एकदा मेहुण्याच्या लग्नात फेऱ्यांच्या वेळी. त्या दुपारी दोर ताणलेला असताना त्याच्या खिशात शंख वाजला होता. ती त्याच्या मागे दीड हातावर होती, तिने तो ऐकला होता. तिने हातही बघितला होता. तो घसरला नव्हता. तो खिशात गेला होता.

साहेब तेव्हा मैदानातच होते, शामियान्यात, प्रमुख पाहुणे म्हणून, आमच्याच सामन्यासमोर. दोरावर आपला ड्रायव्हर आहे हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. उन्हाचा चष्मा गाडीत राहिला होता, तो त्यांना हवा होता.

“अच्छा, मग तुम्ही सांगितलं का नाही कुणाला?” मी विचारलं.

“मी कशाला सांगू? हात त्याचा आहे.”

“आणि त्याने कधीच नाही सांगितलं तर?”

“मग मी दोर अंगावर घेणार नाही. त्याला ओढता येत नसेल तर मी शिकवीन. पण खोटं बोलणाऱ्याच्या मागे मी उभी राहत नाही. अम्मी म्हणून बसलीये, पुन्हा हाड मोडून आलीस तर डोक्याला तेल घालणार नाही.”

म्हणजे हिशेब उघड होता. तिचं सांधलेलं हाड एका बाजूला आणि त्याची दोरावरची, आणि एकूणच आमच्यातली, जागा दुसऱ्या बाजूला. मला यात काही करण्यासारखं नव्हतं. मी खोडलं.

पहिला सराव फेब्रुवारीतल्या सकाळी, सरकारी वसाहतीमागच्या मैदानात. धुकं होतं, आणि धुक्यात मिसळलेलं ते दिल्लीचं बाकी सगळं. ड्रायव्हर आला, पण दोराजवळ आला नाही. कडेला उभा राहून बूट झाडत राहिला. डिस्पॅचवाला म्हणाला, आज रुमाल आणलास का, घाम पुसायला? दोघं तिघं हसले. अवर सचिव घड्याळ बघत होते. ती दोर पाठीवर घेऊन शेवटच्या जागेवर उभी होती, आणि तिच्या पुढची जागा रिकामी होती.

ड्रायव्हर तिच्याकडे बघत होता. ती त्याच्याकडे बघत नव्हती, बुटाची नाडी बांधत होती. मग तो आला, पण दोर न उचलता त्याच्याजवळ उभा राहिला.

“हाथ फिसला नहीं था,” तो म्हणाला. “मैंने छोड़ा था। साहब का फ़ोन था।”

मी आजवर बऱ्याच चौकशा बघितल्या आहेत, त्यातल्या काही माझ्याच हस्ताक्षरात आहेत. एवढ्या थोड्या शब्दांत, कुणी न विचारता, स्वतःच्या विरुद्ध दिलेला जबाब मी कधी ऐकला नव्हता. अवर सचिवांनी पहिल्यांदा मान वर केली आणि मला हळूच सांगितलं की हे कुठे रेकॉर्डवर घेऊ नका. मी म्हटलं, बिल्कुल नाही सर.

डिस्पॅचवाल्याने काय करावं? त्याने आपली टोपी काढली, परत घातली, आणि म्हणाला की त्याच्या सासऱ्यांचा फोन आला की त्याचंही पोट दुखतं. ती फजितीची कबुली होती की माफी, मला कळलं नाही. पण तो पाचव्या जागेवर जाऊन उभा राहिला. बाकीचे आपापल्या जागी गेले.

ती म्हणाली, आता सगळे घरी जा. उद्यापासून पंधरा दिवस फक्त मी आणि भैया. आणि सर.

मी का, ते दुसऱ्या दिवशी कळलं. तिने माझ्याकडून कार्यालयाच्या व्यायामशाळेतली एक गादी मागवली होती. मी ती ‘शासकीय कामासाठी’ असं लिहून काढली. ड्रायव्हरच्या फोनमध्ये तिने माझ्या नंबरला शंख लावला. मग दोघं समोरासमोर उभे राहिले, दोराचा एक तुकडा दोघांत, फोन चालू आणि त्याच्या खिशात. तिने मागे कलायचं, सगळं वजन दोरावर टाकायचं, त्याने धरून ठेवायचं. आणि मी दहा पावलांवर, पाठ करून उभा राहून, मनाला येईल तेव्हा त्याला फोन लावायचा.

पहिल्या दिवशी मी फोन लावला आणि त्याचा डावा हात गेला. विचार न करता, पापणी लवावी तसा. ती गादीवर बसली. उठली. पुन्हा दोर घेतला. त्या सकाळी ती सहा वेळा गादीवर बसली. सहाव्या वेळी त्याने दोर खाली टाकला आणि हात जोडले. मॅडमजी, दुसरा कोणी घ्या, माझ्याने होणार नाही.

ती गादीवरूनच म्हणाली, “भैया, रस्सी छोड़ने की आदत आपकी है, मेरी नहीं।”

घरी बायकोने विचारलं की रोज सकाळी अंधारातच करोल बागहून मेट्रो पकडून तू जातोस कुठे? मी सांगितलं. ती चहा ओतता ओतता थांबली. “यार, म्हणजे सरकार तुला एका माणसाला मिस्ड कॉल द्यायचा पगार देतं?” मी म्हटलं, सहसचिवांच्या नावाने. ते पंधरा दिवस मीच सहसचिव होतो. एकदा चुकून दुपारी कामासाठी त्याला फोन लावला, तर तो तळमजल्यावरून जिना चढून धापा टाकत माझ्या टेबलापुढे येऊन उभा राहिला. अधिकार म्हणजे काय ते मला बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्या एका मिनिटात कळलं, आणि मला ते आवडलं नाही.

सहाव्या सकाळी शंख वाजला आणि त्याचा हात दोरावरून वर उचलला गेला, पण तिथेच राहिला, बोटभर अंतरावर. आठव्या सकाळी उचललाच गेला नाही. फक्त अंगठा हलला. तिने गादी पायाने बाजूला सरकवली.

मी म्हटलं, अहो, राहू दे ना ती. ती म्हणाली, “गादी आहे हे त्याला माहीत आहे तोवर तो गादीवरच विसंबतोय. तुम्ही पाठ करा.”

मी पाठ केली नाही. बघितलं. ती मागे कलली, आधी गुडघ्यात, मग कमरेत, मग सरळ, टाचा जमिनीत रुतवून, इतकी मागे की तिची वेणी गवताला लागली आणि डोळे आकाशाकडे झाले. दोर बरोबर त्या हाडावरून गेला होता. जिथे सांधलं होतं तिथे टी-शर्टखाली एक छोटा उंचवटा दिसतो, त्याच्यावरून. तिच्यात आणि जमिनीत त्या माणसाच्या दोन हातांखेरीज काही नव्हतं. मी फोन लावला. शंख वाजू लागला. एक रिंग. दुसरी. तिसरी. कोणत्याही माणसाच्या चेहऱ्यावर इतकं काम चाललेलं मी पाहिलेलं नाही. जबडा, कान, मानेच्या शिरा, सगळं खिशाकडे ओढत होतं, आणि हात दोरावर होते. सातव्या रिंगनंतर फोन आपोआप बंद झाला. ती तशीच कललेली राहिली. डोळे मिटून घेतले होते तिने. मला वाटतं तिला विश्रांती मिळत होती.

मी मोठ्या शब्दांपासून लांब राहणारा माणूस आहे. सत्कार, शपथा, दीपप्रज्वलन असं काही दिसलं की मी शेवटच्या रांगेत, दाराजवळची खुर्ची बघतो. पण त्या सकाळी मला वाटलं की इथे टोपी काढायला हवी, आणि थंडी होती तरी मी माकडटोपी काढली.

नंतरचे पंधरा दिवस सगळे आठ. ज्येष्ठता यादी तिने माझ्यासमोर चार घड्या करून खिशात घातली आणि माणसं उंचीप्रमाणे आणि वजनाप्रमाणे लावली. अवर सचिव चौथे झाले. त्यांनी याला हरकत घेतली नाही. मला वाटतं पहिल्या जागेवरून समोरच्या संघाचे चेहरे फार जवळून दिसतात. तिने आम्हाला सांगितलं की ओढणं सगळ्यांना येतं, धरून राहणं येत नाही. सामना धरून राहण्यावर असतो. समोरचे ओढून ओढून थकेपर्यंत नुसतं असायचं. मला तिने शिकवलं की आवाज कधी द्यायचा. “चेहऱ्यांकडे बघू नका दादा, चेहरे खोटं बोलतात. टाचा बघा.”

मी टाचा बघू लागलो. सोळा टाचा. आधी त्या सोळा वेगवेगळ्या होत्या, कोणी आत, कोणी बाहेर, अवर सचिवांच्या तर दर वेळी नव्या ठिकाणी. मग एका सकाळी दोराचं दुसरं टोक कडुनिंबाला बांधून त्यांनी धरायला घेतलं आणि मी बघता बघता त्या सोळा एकदम, एकाच क्षणी, बोटभर रुतल्या. आठ माणसं तिरकी होऊन थांबली. कुणी हलत नव्हतं. श्वाससुद्धा एकदम येत होता, थंडीत तोंडातून आठ वाफा एकदम निघत होत्या आणि एकदम विरत होत्या. डिस्पॅचवाला, अवर सचिव, ड्रायव्हर, कॅन्टीनचं बिल मुद्दाम उशिरा पाठवणारी लेखा विभागातली बाई, एरवी लिफ्टमध्येही एकमेकांकडे न बघणारी माणसं. मी आवाज द्यायला विसरलो. कडुनिंबाने थोडा पाला टाकला. शेवटी तीच मागून म्हणाली, सर, आम्हाला सोडताय का संध्याकाळपर्यंत ठेवताय?

स्पर्धेच्या दिवशी शामियाना होता, खुर्च्यांना पांढरी आवरणं होती, आणि साहेब पहिल्या रांगेत होते. त्यांना कुणी काही सांगितलेलं नव्हतं. ड्रायव्हर दोराजवळ आला तेव्हा मी हात पुढे केला, फोन ठेवायला. त्याने तिच्याकडे बघितलं. तिने मान हलवून नाही म्हटलं. फोन खिशात राहिला. तिने दोर बगलेखालून घेतला, पाठीवरून आणला आणि त्या हाडावर ठेवला. त्याने मागे वळून बघितलं नाही. त्याची काही गरज नव्हती.

समोरचा संघ पोलादी होता. त्यांचा शेवटचा माणूस मला आमच्या गोदरेजच्या कपाटासारखा वाटला. पंचांनी इशारा केला आणि त्यांनी पहिल्याच झटक्यात सगळं लावलं. आमच्या सोळा टाचा रुतल्या आणि दोर थांबला. मधली लाल फीत जागच्या जागी. मी टाचा बघत होतो. लाउडस्पीकरवर कुणीतरी पाहुण्यांचं स्वागत करत होतं. एक मिनिट गेलं असेल, बहुधा जास्तच. साहेबांनी शेजाऱ्याशी बोलणं थांबवलं आणि दोराकडे बघू लागले. सातव्या जागेवरचे दोन हात मला दिसत होते. त्यांच्या बोटांतलं रक्त गेलं होतं. ते जागच्या जागी होते.

फोन वाजला नाही. पण ड्रायव्हरने नंतर सांगितलं की त्याला तो तीनदा ऐकू आला.

मग आम्ही हरलो. हळूहळू, बोटाबोटाने. पण कसे हरलो ते मी तिथे उभा राहून बघितलं आहे. कुणी पडलं नाही, कुणी ओळ सोडली नाही. आठ माणसं त्याच कोनात, त्याच अंतरावर, रेषेपलीकडे ओढली गेली, आणि गवतात त्यांच्या टाचांच्या दोन सरळ चऱ्या उमटल्या, मोजपट्टीने मारल्यासारख्या. पंचांची शिट्टी झाल्यावरही त्यांनी दोर लगेच सोडला नाही. ती मागून म्हणाली, “हो गया भैया,” तेव्हा त्याने आधी उजवा हात सोडला, मग डावा. मग त्याने वळून तिच्या खांद्यावरचा दोर उचलून बाजूला काढला, दोन्ही हातांनी, काच उचलावी तसा. त्या दुपारी त्याने डबा आमच्याबरोबर खाल्ला, आणि डिस्पॅचवाल्याने त्याच्यातलं लोणचं न विचारता घेतलं.

दुसरा सामनाही आम्ही हरलो, तसाच, ओळीत.

मिश्र गटात आम्हाला तिसऱ्या क्रमांकाचं प्रमाणपत्र मिळालं. अवर सचिवांनी ते चौकट करून आपल्या खोलीत लावलं आहे. मिश्र गटात तीन संघ होते.